पाहत उभे राहिलेले लोक

उत्तम शुक्रवारच्या उपासनेत आपण दर वर्षी लूककृत शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय ऐकतो. अधिकारी टोमणे मारीत होते, शिपाई आंब पुढे करून थट्टा करीत होते, शेजारच्या वधस्तंभावरील एक अपराधीदेखील निंदा करीत होता. ह्या साऱ्यांची कृत्ये आपल्या ध्यानात राहतात. परंतु पस्तिसाव्या वचनाच्या आरंभी आणखी काही माणसे आहेत, आणि त्यांच्याविषयी लूक एवढेच सांगतो की, ती पाहत उभी होती. त्यांनी खिळे ठोकले नाहीत, चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, शिवीही दिली नाही. पुढे अठ्ठेचाळिसाव्या वचनात तो पुन्हा त्यांच्याकडे वळतो. तेथे तो म्हणतो की, हा समुदाय ते दृश्य पाहावयास म्हणूनच जमला होता. 'दृश्य' ह्यासाठी त्याने योजिलेला ग्रीक शब्द 'थेओरिया' हा संपूर्ण नव्या करारात फक्त ह्याच ठिकाणी आला आहे. मुद्दाम जाऊन पाहावे असे काही, हा त्याचा अर्थ. शहराबाहेर तीन माणसे तडफडत मरणार होती आणि ते पाहण्यासाठी लोक घरून निघाले होते.

आपल्या मराठीत अशा माणसांना एक नेमका शब्द आहे : बघे. कोठे मोटार उलटली, कोणी विहिरीत पडले, नवराबायकोचे भांडण रस्त्यावर आले, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'बघ्यांची गर्दी' हे शब्द ठरलेले. आणि दुसऱ्याच्या दुर्दशेला आपण सहज 'तमाशा' म्हणतो, हेही विचार करण्याजोगे आहे. ज्या शब्दाने आपण करमणूक ओळखतो त्याच शब्दाने आपण शेजाऱ्याची फजिती ओळखतो. भाषा कधीकधी माणसाला उघडे पाडते.

ही माणसे दुष्ट असतात, असे म्हणून प्रश्न मिटविता येत नाही. दुष्ट माणसे गावात मोजकी असतात; बघे मात्र हवे तितके मिळतात. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या चौथ्या भागात लिऑन्टियस नावाच्या एका गृहस्थाची हकीकत दिली आहे. अथेन्सच्या तटाबाहेरून येताना त्याला मारेकऱ्याच्या जागेजवळ प्रेते पडलेली दिसली. पाहावे असेही वाटले आणि किळसही आली. त्याने तोंड झाकून घेतले, स्वतःशी बराच झगडा केला. शेवटी हरला, धावत प्रेतांजवळ गेला आणि आपल्याच डोळ्यांना शाप देत म्हणाला की, घ्या, एकदाचे पोट भरून पाहा. हा मनुष्य काही राक्षस नव्हता. त्याला लाज होती, आणि लाज असूनही त्याला पाहावेसे वाटले. येथून विचारास आरंभ करावा, असे आम्हांस वाटते.

लुक्रेशियस ह्या रोमी कवीने ख्रिस्तापूर्वीच्या शतकात ह्याचे एक कारण सांगितले. वादळात सापडलेल्या खलाशाची धडपड किनाऱ्यावरून पाहणे सुखाचे वाटते. दुसऱ्याच्या दुःखाने आनंद होतो म्हणून नव्हे, तर आपण ज्यातून सुटलो ते संकट डोळ्यांपुढे दिसते म्हणून. ह्यात तथ्य आहे. मयतीहून परतणारी माणसे वाटेत जरा अधिकच बोलतात, चहा जरा अधिकच गोड लागतो, हा अनुभव कोणास नाही? पण हे कारण पुरे पडत नाही. पलिष्ट्यांनी आंधळ्या शमशोनाला दागोनाच्या मंदिरात आणले तेव्हा गच्चीवरच सुमारे तीन हजार स्त्रीपुरुष होते, असे शास्ते १६:२७ सांगते. ती मंडळी किनाऱ्यावर बसून सुटकेचा निःश्वास टाकीत नव्हती. त्यांना त्याची गंमत हवी होती.

ह्या बाबतीत संत ऑगस्टीनइतका खोल विचार क्वचितच कोणी केला असेल. 'कबुलीजबाब' ह्या ग्रंथाच्या सहाव्या भागात तो आपला मित्र अलीपियस ह्याची गोष्ट सांगतो. अलीपियस कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेला होता. ग्लॅडिएटर लोकांच्या झुंजींचा त्याला मनापासून तिटकारा होता. एके दिवशी सहाध्यायांनी त्याला वाटेत गाठून बळेच रंगभूमीवर नेले. तो म्हणाला की, माझे शरीर न्याल, पण डोळे आणि मन कसे न्याल? तेथे बसल्यावर त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. ऑगस्टीन हळहळून म्हणतो की, त्याने कानही झाकले असते तर बरे झाले असते! कोणी एक लढवय्या पडला, सगळ्या लोकांनी एकदम आरोळी ठोकली, आणि काय झाले ते पाहावे म्हणून अलीपियसने डोळे उघडले. त्या पडलेल्या माणसाच्या देहाला झाली त्याहून मोठी जखम त्याच्या जिवाला झाली. मग त्याने डोळे फिरविले नाहीत. तो रक्ताने धुंद झाला, ओरडला, आणि पुढे स्वतः इतरांना ओढून नेऊ लागला.

ही गोष्ट घडली तेव्हा रोमचा बादशहा ख्रिस्ती होता. साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळून कित्येक वर्षे झाली होती. इ. स. ३२५ मध्ये कॉन्स्टंटाईनने ह्या झुंजींविरुद्ध फर्मान काढले होते, तरी त्या बंद पडल्या नव्हत्या. अलीपियस हा बुद्धिमान, शीलवान तरुण होता. ३८७ साली ऑगस्टीनबरोबरच त्याचा बाप्तिस्मा झाला व पुढे तो थगास्ते येथे बिशप झाला. अशा मनुष्याला डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी पाडले. म्हणजे ज्या सुखाने त्याला जिंकले ते केवळ रक्त पाहण्याचे सुख नव्हते. हजारो गळ्यांतून एक आवाज निघतो तेव्हा त्यात आपलाही आवाज मिसळण्याचे ते सुख होते. एकटा असता तर त्याने कदाचित त्या जखमी मनुष्याला पाणी दिले असते. त्याच्याही तीनशे वर्षे आधी सेनेका हा तत्त्ववेत्ता दुपारच्या वेळी सहज करमणुकीसाठी म्हणून रंगभूमीवर गेला. तेथे निव्वळ कत्तल चालली होती. घरी येऊन त्याने मित्राला लिहिले की, माणसांत जाऊन आल्यामुळे मी अधिक क्रूर, अधिक अमानुष होऊन परतलो.

आणि तरीही तो समुदाय सर्वस्वी दगडाचा नसतो. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेतुआ व फेलिसिता ह्या दोन तरुण बाळंतिणींना ख्रिस्ताच्या नावासाठी जनावरांपुढे टाकण्यात आले. त्या रक्तसाक्षींच्या वृत्तांतात लिहिले आहे की, त्यांना उघडे करून आणले तेव्हा लोक शहारले. एक कोवळी मुलगी, दुसरीचे स्तन अजून दुधाने ओघळत होते. म्हणून त्यांना परत नेऊन सैल झगे घालण्यात आले. दया आली, हे खरे. पण घरी कोणी गेले नाही. थोड्या वेळाने त्याच लोकांनी मागणी केली की, उरलेल्यांचा वध आमच्या डोळ्यांसमोर, मैदानाच्या मध्यभागी करा. दया आणि चटक ही दोन्ही एकाच छातीत शेजारी शेजारी राहू शकतात, ही ह्या वृत्तांतातील सर्वांत भयंकर गोष्ट आम्हांस वाटते.

आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल की, हे रोमचे झाले. पण बडोद्याच्या वाचकांना सांगावयास नको की, हत्तींच्या साठमाऱ्यांचा शौक त्यांच्या नगरीत होता. १८६० च्या दशकात तेथे आलेल्या लुई रुसेले नावाच्या फ्रेंच प्रवाशाने, खंडेराव महाराजांपुढे हातांत शिंगाची नखे बांधून होणाऱ्या रक्तबंबाळ कुस्त्यांचे वर्णन करून ठेविले आहे. गोव्यात बैलांच्या 'धिरयो'ला न्यायालयाने बंदी केली, तरी ती चोरून होते आणि गर्दीही जमते.

आता एक अडचणीचा प्रश्न. नाटकातील दुःख पाहून आपल्याला जे रडू येते त्याचे काय? ऑगस्टीनने तिसऱ्या भागात हाच प्रश्न स्वतःला विचारिला. तरुणपणी कार्थेजच्या नाटकगृहात तो खोट्या दुःखासाठी खरे अश्रू ढाळी, आणि नाटकाने रडविले नाही तर कुरकुरत उठून येई. ज्या दयेला मदतीस धावण्याची गरजच नाही, जिला फक्त हळहळण्याचे आमंत्रण असते, ती कसली दया, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली प्रथम बडोद्यासच रंगभूमीवर आला. सिंधूच्या हालांनी तेव्हापासून किती माणसे रडली असतील! त्यांत घरी जाऊन आपल्या सिंधूला मारणारे कोणीच नव्हते, असे छातीला हात लावून कोण म्हणेल? १९९१ साली 'माहेरची साडी' ह्या बोलपटाला भगिनींची झुंबड उडाली. पडद्यावरील सुनेसाठी डोळे पुसणाऱ्या सासवा घरच्या सुनेशी त्या रात्री कशा बोलल्या, हे त्या सुनांनाच ठाऊक.

तरीही ऑगस्टीनशी आम्ही येथे सर्वस्वी सहमत नाही. नाथान संदेष्ट्याने दावीदापुढे जी मेंढीची गोष्ट सांगितली (२ शमुवेल १२) तीही रचलेलीच होती. दावीदाचा संताप खोट्या मेंढीसाठी होता. पण नाथानाने त्याला गोष्टीत बसू दिले नाही. बोट उचलून त्याच्यावरच रोखले. गोष्टीतील दुःखाने माणूस खऱ्या दुःखाकडे वळू शकतो, एवढेच नव्हे, तर पुष्कळदा दुसऱ्या कोणत्याही वाटेने वळत नाही. फरक इतकाच की, नाटकगृहात नाथान नसतो. ते काम ज्याचे त्याने करावयाचे असते. शिवाय माणसाला खोट्या दुःखाचीच ओढ असते असेही नाही. एडमंड बर्कने १७५७ साली लिहिले होते की, उत्तमातले उत्तम शोकनाटक चालू असता शेजारच्या चौकात एखाद्या बड्या राजबंदीला फाशी देत आहेत अशी वर्दी आली, तर नाटकगृह क्षणात रिकामे होईल. बर्कचा अंदाज चुकीचा नव्हता. लंडनमध्ये न्यूगेट तुरुंगाबाहेर १८६८ पर्यंत जाहीर फाशी दिली जाई आणि समोरच्या घरांच्या खिडक्या पाहणाऱ्यांना भाड्याने मिळत.

आणि हे सर्व ख्रिस्ती राष्ट्रांत चालले. थिओडोरेट हा मंडळीचा इतिहासकार सांगतो की, तेलेमाख नावाचा एक पूर्वेकडील वैरागी रोमला आला, झुंज चालू असता मैदानात उतरला, आणि लढणाऱ्यांना आवरू लागला. प्रेक्षकांनी त्याला धोंडमार करून ठार केले; तेव्हा होनोरियस बादशहाने त्या झुंजी थांबविल्या. परंपरा हे वर्ष ४०४ असे मानते. गर्दीत एक मनुष्य पाहणे सोडून खाली उतरला, आणि गर्दीला तेच सहन झाले नाही. झुंजी संपल्या, पण पाहण्याची हौस संपली नाही. तिने पोशाख बदलला. १५५३ साली जिनीव्हाबाहेर शाँपेल येथे सर्व्हेटसला जिवंत जाळण्यात आले. ते आपल्या सुधारणावाद्यांच्या नगरीत, आणि त्याबद्दल पश्चात्ताप म्हणून कॅल्व्हिनच्या अनुयायांनीच १९०३ मध्ये तेथे शिलास्तंभ उभारिला. गोव्यात १६७६ च्या जानेवारीत इन्क्विझिशनच्या कैद्यांची अनवाणी मिरवणूक निघाली. त्यांत असलेल्या देलाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने पुढे ती सर्व हकीकत छापून प्रसिद्ध केली. अमेरिकेत जॉर्जिया संस्थानात २३ एप्रिल १८९९ रोजी सॅम होज नावाच्या निग्रो मजुराला जमावाने हाल करून जाळले. तो रविवार होता. अटलांटाहून पाहणाऱ्यांसाठी खास आगगाडी सोडण्यात आली. त्या गाडीत बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी पवित्र शास्त्र होते, ह्यात आम्हांस शंका नाही.

ह्या सर्व ठिकाणी एक गोष्ट सारखी आढळते. पाहणाऱ्यांची खात्री होती की, समोरचा मनुष्य ह्याच लायकीचा आहे. तो पाखंडी आहे, खुनी आहे, देशद्रोही आहे. निरपराध मुलाचे हाल आपल्याला पाहवत नाहीत. तेथे मन आपोआप आडवे येते. पण 'त्याला मिळाले ते बरेच झाले' असे एकदा वाटले की मनाचा पहारेकरी झोपी जातो आणि मागील दाराने सुख आत येते. ते न्यायाची शाल पांघरून येते, म्हणून त्याला कोणी अडवीत नाही. आम्हांस वाटते, दुःख पाहण्यातील गोडीचे मर्म बहुतांशी येथे आहे. सुरक्षित किनारा तिला जागा देतो, गर्दी तिला धीर देते, पण ती निर्लज्ज होते ती निकालामुळे.

धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला ह्याचा सर्वांत बोचक पुरावा तर्तुल्यनाच्या लिखाणात सापडतो. खेळतमाशांविरुद्ध त्याने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस एक संपूर्ण पुस्तक लिहिले. ख्रिस्ती माणसाने रंगभूमीवर पाऊलही ठेवू नये, असा त्याचा उपदेश आहे व तो जोरदार आहे. पण अखेरच्या प्रकरणात तो वाचकांना आश्वासन देतो की, आपल्यालाही एक तमाशा पाहावयास मिळणार आहे. न्यायाच्या दिवशी छळ करणारे राजे, तत्त्ववेत्ते, नट अग्नीत जळताना पाहून आपण हसू, आनंद करू! नीत्शेने १८८७ साली हाच उतारा काढून ख्रिस्ती लोकांच्या तोंडावर फेकला. नीत्शे आपला मित्र नव्हे, पण येथे त्याला उत्तर देणे कठीण आहे. तर्तुल्यनाने रंगभूमी पाडली आणि तिचीच आसने उचलून स्वर्गात मांडली.

योनाने वेगळे काय केले होते? निनवेला संदेश देऊन झाल्यावर तो नगराच्या पूर्वेस गेला, मांडव घातला, आणि आता नगराचे काय होते ते पाहत सावलीत बसला (योना ४:५). नगर वाचले ह्याचा त्याला राग आला. देवाचा सेवक, संदेश खरा, पापही खरे, आणि तरी तो सावलीतला बघ्याच. त्याला देवाने विचारले की, ज्यांना उजवे-डावे कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे असलेल्या नगराची मी कीव करू नये काय? योनाने काय उत्तर दिले हे त्या पुस्तकात लिहिलेले नाही.

ओबद्याचे पुस्तक आपण फारसे वाचीत नाही. त्यात एदोमावर ठेविलेला आरोप कसा वाढत जातो ते पाहण्यासारखे आहे. आधी तू बाजूला उभा राहिलास. मग भावाच्या विपत्तीकडे पाहत राहिलास व आनंद केलास. मग वेशीतून आत शिरून मालाला हात घातलास. शेवटी पळून जाणाऱ्यांना नाक्यावर धरून दिलेस. पाहणे हा ह्या जिन्याचा पहिला पायठा आहे, असे संदेष्ट्याचे मत दिसते.

आज प्रत्येकाच्या खिशात रंगभूमी आहे. हमरस्त्यावर अपघात झाला की पाण्याच्या बाटलीआधी मोबाईल बाहेर निघतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल ही सबब पूर्वी काही अंशी खरी होती. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यास संरक्षण देण्याविषयी आदेश दिले व २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने त्यास कलमाचे बळ दिले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याने नावगाव सांगण्याचीदेखील सक्ती नाही. तेव्हा ती सबब आता उरली नाही.

पण हमरस्त्याचे सोडून द्या. मंडळीतील घरगुती प्रार्थनासभा आठवा. अमक्यांची मुलगी सासरहून परत आली, तमक्यांचा मुलगा पिऊन गटारात पडला होता, 'प्रार्थनेत आठवण असू द्या हं!' मग कसे, केव्हा, कोणी पाहिले, ह्याची विचारपूस. मग ती बातमी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर. आवाज हळू, चेहरा कष्टी, आणि ऐकण्यात एक न सांगता येणारी चव. अशा वेळी प्रार्थना करूच नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. 'आमेन' झाल्यावर त्या घराची पायरी किती जण चढले, एवढेच विचारावयाचे आहे. ज्या घरावर दुःख आले त्यांना ह्या दोहोंतला फरक लगेच कळतो. पौलाने प्रेषितांविषयी लिहिताना म्हटले आहे की, आम्ही जगाला, देवदूतांना व माणसांना तमाशासारखे झालो आहो (१ करिंथ ४:९). पाहिले जाण्याचे दुःख त्याला बाहेरून नव्हे, आतून ठाऊक होते.

उपदेशकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. उत्तम शुक्रवारच्या व्यासपीठावरून खिळ्यांची लांबी, काट्यांची टोके, फाटलेल्या पाठीचे वळ ह्यांची वर्णने रंगविण्याची आपल्याकडे चढाओढ असते, आणि किती रुमाल बाहेर निघाले ह्यावरून उपदेशाची किंमत केली जाते. चारही शुभवर्तमानकारांनी वधस्तंभी देण्याची क्रिया अवघ्या एका शब्दात उरकली आहे. ते प्रत्यक्ष त्या काळात राहत होते, रोमी वधस्तंभ कसा असतो हे त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक होते, आणि तरी त्यांनी जखमांवर कंदील धरला नाही. ह्यात त्यांचा हेतू असला पाहिजे. प्रभूचे हाल हेही एक 'थेओरिया' होऊन बसू नये, असा तो असावा असे आम्ही मानतो.

लूकच्या त्याच अध्यायात आणखीही पाहणारे आहेत. गालीलाहून आलेल्या स्त्रिया दूर उभ्या राहून हे पाहत होत्या (२३:४९). त्यांच्या हाती थांबविण्याजोगे काही नव्हते. पण त्या गेल्या नाहीत. इतर लोक ऊर बडवीत घरी परतले, आणि तेथे त्यांची गोष्ट संपली. त्यांचे रडणे खोटे होते असे लूक म्हणत नाही. स्त्रिया मात्र योसेफाच्या मागोमाग गेल्या. त्यांनी कबर पाहिली, शरीर कसे ठेविले ते नीट पाहून घेतले, कारण पुढचे काम त्यांना करावयाचे होते. मग त्या परत आल्या आणि शब्बाथ लागण्याआधी जेवढा वेळ होता त्यात त्यांनी सुगंधद्रव्ये तयार केली.